यादीत नसलेली वाट

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, खुशाली, हवापाणी हे सगळं मागच्या पत्रातलंच पुन्हा वाचून घे. वकीलसाहेब जेवायला गेलेत आणि ते येईपर्यंतच टाइपरायटर माझा आहे.

बातमी वाईट आहे. जमीन कार्यालयाची नोटीस आली. सार्वजनिक जंगलातले लाकूडतोडीचे जुने रस्ते गाड्यांना बंद करायचे घाटतंय. मोटरसायकल नाही, जीप नाही, पायी जाणाऱ्याला मात्र मोकळीक. ज्या वाटांवर आजही लोक गाड्या घेऊन फिरतात असं आपला गाडीवाल्यांचा संघ दाखवून देईल, फक्त त्यांचा विचार होईल. प्रत्येक वाटेचा वेगळा फॉर्म आहे: कुठे सुरू, कुठे संपते, आणि त्या वाटेने स्वतः गाडीवरून गेलेल्या दोन माणसांच्या सहीनिशी साक्षी. मुदत दहा मार्च. यादीत जी वाट नाही ती बंद, मग गळा काढून उपयोग नाही.

संघाने मला चिटणीस केलंय. हसू नकोस. मला गाडी चालवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण शहरात राहून कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारं कोणीतरी हवंच होतं. यादी मात्र तू आणि भाऊजींनी करायची असं ठरलं. बाबांच्या ट्रकने पाडलेल्या त्या वाटा तुमच्याइतक्या कोणालाच माहीत नाहीत.

बाबा तुला न्यायचे ती वरच्या तळ्याची वाट पहिल्या नंबरावर घाल. मी ती कधी पाहिली नाही. पण लहानपणी तिचं नाव इतक्यांदा ऐकलंय की तिचा फॉर्म मी इथे बसून भरीन.

धाकटी


१३ फेब्रुवारी

चिटणीसबाई,

गॅरेजच्या काउंटरवर बसून लिहितेय, मधे मधे गिऱ्हाईक येतं, तेव्हा तुझ्यासारखं सुबक जमणार नाही. सकाळपासून चार जण गाड्या घेऊन आले आणि चौघांनी तुझंच नाव काढलं. एक म्हणाला, ताई, तुमच्या बहिणीचं अक्षर म्हणजे अगदी छापल्यासारखं. मी म्हटलं, टाइप केलंय ते, छापल्यासारखंच दिसणार.

यादी सोबत आहे. चौदा वाटा. नंबर ह्यांनी नकाशावरून काढून पुढे लिहिलेत, पण इथे नंबराने कोणी बोलत नाही. कोणी साक्ष घेताना अडलं तर नावं सांग: सासूचं वळण, कारण तिथे कोणीच सरळ जात नाही. पुढारी, कारण तो सुरुवातीला भरपूर रुंद आहे आणि पुढे काहीच नाही. बाकीची ह्यांनी मागे लिहिलीत. खाली ह्यांची सही आहे, ‘याखेरीज दुसरी वाट वापरात नाही’ म्हणून.

वरच्या तळ्याची वाट यादीत नाही, कारण ती राहिलीच नाही. चार वर्षांपूर्वी दरड आली, दुसऱ्या ओढ्याच्या पुढे रस्ताच उरला नाही. मी डोळ्यांनी बघून आले. आता तिचा विषय नको. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं झालंय त्या वाटेचं. होती साधीच.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

यादी मिळाली. ‘पुढारी’ वाचून वकीलसाहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

वाट गेली हे वाचून मला काय वाटलं ते खरं सांगू? आधी बरं वाटलं. मग वाईट वाटलं, पण आधी बरं वाटलं. दर रविवारी बाबा मोटरसायकल काढायचे, तुला उचलून पुढे टाकीवर बसवायचे आणि मी फाटकाला धरून उभी. सहा वर्षांची होते तेव्हा म्हणायचे, तू लहान आहेस. बारा वर्षांची झाले तेव्हा म्हणाले, तुला पाय आहेत, तू चाल. कुठे चालू, ते नाही सांगितलं. ट्रकवरून ओंडका घरंगळला आणि तुझा पाय कायमचा अधू झाला, त्या दिवशी मी घरात होते. मी का घरात होते, असं मला वाटायचं. लंगड्या बहिणीचा हेवा करते म्हटलं तर लोक तोंडावर थुंकतील. पण करायचे.

असो. एक गोष्ट तुला न विचारता केली. पक्षी मोजणाऱ्या प्राध्यापकांचा आणि पायी फिरणाऱ्यांचा आक्षेप आलाय, आणि तो अगदीच खोटा नाही. आपल्यातले काही लेकाचे सायलेन्सर काढून फिरतात. तेव्हा मी कबूल केलं की आवाज करणाऱ्याला संघ काढून टाकेल, आणि पिल्लांच्या दिवसांत दोन महिने आपण होऊन गाड्या बंद ठेवू. पण पुढे लिहिलं की जंगल सगळ्यांचं असेल, तर ज्याला चालता येत नाही त्याचंही असायला हवं. आणि तिथे तुझी गोष्ट घातली. बाबांच्या मोटरसायकलला भाऊजींनी मागे दोन चाकं जोडली, पायातला ब्रेक हातात आणला, आणि तू कशी रान फिरतेस ते. अर्जातला तोच भाग सगळ्यांना आवडला.

सुनावणी पंधरा मार्चला तुमच्याच गावच्या सभागृहात आहे. मी येतेय.

धाकटी


२० मार्च

चिटणीसबाई,

सुनावणी छान झाली असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

तू उभी राहिलीस, हातात कागद न घेता बोललीस, आणि माझ्या पायाची गोष्ट सांगितलीस तेव्हा मागच्या बाकावरच्या बायकांनी डोळे टिपले. त्या प्राध्यापकानेसुद्धा मान खाली घातली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, काठी मांडीवर घेऊन. कोणी विचारलं नाही की बाई, तुमचाच पाय आहे ना, दोन शब्द तुम्ही बोला. पाय माझा, टाळ्या तुला. बाहेर आल्यावर जमीन कार्यालयाच्या साहेबांनी तुझ्याशी हस्तांदोलन केलं आणि माझ्याकडे बघून नुसतं हसले, आजाऱ्याकडे बघून हसतात तसं.

मला बोलता आलं असतं असं नाही. तोंड उघडलं असतं तर फजिती झाली असती, मला माहीत आहे. पण विचारायचं तरी होतंस. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, धाकटीने माझा पाय नेला. हे म्हणाले, चांगल्या कामासाठी नेलाय. नवरे असेच असतात.

तू राहिली नाहीस आणि संध्याकाळच्या बसने गेलीस ते बरंच केलंस.

ताई


४ मे

ताई,

दोन पत्रं पाठवली, तुझं एकही उत्तर नाही. रागावलीस हे समजलं. आता राग गिळ, कारण आपण जिंकलो!

चौदापैकी अकरा वाटा उघड्या राहणार. सासूचं वळण राहिलं. पुढारीसुद्धा राहिला, पुढारी काही सहजासहजी जात नाही. ज्या तीन गेल्या त्यांच्या काठाला घरटी आहेत, त्यावर मी भांडले नाही आणि तूही भांडू नकोस. आदेश एक जूनपासून लागू. त्या दिवसापासून यादीबाहेरच्या वाटांच्या तोंडाशी लोखंडी खांब.

कार्यालयातून बाहेर पडले तेव्हा पायऱ्यांवरच बसले थोडा वेळ. ज्या वाटांवरून मी कधी गेले नाही त्यांच्यासाठी तीन महिने रक्त आटवलं. लोक विचारतात, तुम्हाला एवढी हौस कशाची? मी म्हणते, घरातच आहे.

सुनावणीला तुला विचारायला हवं होतं. चुकले.

धाकटी


११ मे

धाकटे,

आज चिटणीसबाई म्हणत नाही, कारण गरज मला आहे.

काल वखारीमागे दोन माणसं खड्डे खणत होती. विचारलं तर म्हणाले, खांब बसवायचेत, एक तारखेआधी. मी म्हटलं, ही वाट कशाला बंद करता? तर म्हणाले, बाई, यादीत नाही.

दरड आली नव्हती. कधीच नाही. गेल्या रविवारीही मी वर जाऊन आले. आता काय ओरडायचं ते ओरड.

का खोटं बोलले तेही सांगते. यादीत आली की वाट नकाशावर येणार आणि दर रविवारी संघाचे पन्नास जण वर. तेही मी सोसलं असतं. पण तू आली असतीस. चिटणीस म्हणून, वही घेऊन. आणि खाली उतरून तळ्याबद्दल माझ्यापेक्षा छान बोलली असतीस. माझं सगळं तू माझ्यापेक्षा छान बोलतेस. एवढं एक माझ्याकडे राहू दे, असं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून आवळून धरली, ती आता मलाच उघडता येईना.

आणि गंमत बघ. पायी जाणाऱ्याला मोकळीक आहे. म्हणजे एक तारखेपासून तू वर जाऊ शकतेस आणि मी नाही. तुझ्यावर जळून मी माझी वाट बंद केली आणि तुझ्यासाठी उघडी ठेवली.

ह्यांनी चौकशी केली. तीस दिवसांत फेरअर्ज करता येतो, साक्षी दोनच लागतात. ह्यांची चालणार नाही, यादीखाली सही त्यांचीच आहे. बिचाऱ्यांनी माझ्यावर विश्वासून केली होती. तशीही त्यांची साक्ष खोटीच ठरली असती, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मी त्यांना वर नेलेलं नाही. बाबा नाहीत. उरले मी एकटी.

म्हणून सांगते, तू लिही की तूपण यायचीस. आपण तिघं. मी पुढे टाकीवर, तू मागे बाबांना धरून. कोण तपासणार आहे? चूक नको म्हणून सगळं लिहून देते, पाठ कर.

वखारीच्या कुंपणाला लागून डावीकडे वळायचं. पहिला ओढा उथळ आहे, तो कळतही नाही. दुसऱ्याला दगडांवर शेवाळ आहे, तिथे बाबा पहिला गिअर टाकायचे आणि म्हणायचे, आता श्वास घेऊ नकोस. मी खरंच घेत नसे. त्यानंतर चढ. इतका की पुढचं चाक आभाळात गेल्यासारखं वाटतं. तिसरा ओढा ओलांडला की झाडी एकदम संपते आणि समोर तळं. मोठं नाही. आपल्या शाळेच्या मैदानाएवढं. बाबा इंजिन बंद करायचे. पाव आणि उकडलेली अंडी खायची. ते माझे बूट काढायचे, आधी आजारी पायातला, मग दुसरा, आणि आम्ही काठावर पाय पाण्यात सोडून बसायचो. पाण्यात घातले की कुठला चांगला आणि कुठला वाईट ते कळत नाही. ते काही बोलायचे नाहीत. एकदाच बोलले होते, ओंडक्याचा साखळदंड मी नीट बघितला नव्हता गं. मी म्हटलं, असू दे. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

हे शेवटचं साक्षीत लिहू नकोस. ते कोणालाच सांगितलेलं नाही.

ताई


१५ मे

ताई,

वकीलसाहेब जेवायला गेल्यावर साक्ष टाइप केली. छान जमली, मला जमतंच. तू पुढे टाकीवर, मी मागे, माझा गाल बाबांच्या पाठीवर. दुसऱ्या ओढ्याला आम्ही दोघींनी श्वास धरला असं लिहिलं. अंडी तीन लिहिली. मग एकदा वाचून काढली, आणि त्या साक्षीतल्या धाकटीचा मला इतका हेवा वाटला की कागद टाइपरायटरमधून ओढून फाडला. त्याचे तुकडे अजून पर्समध्ये आहेत.

आता माझं ऐक. मुदतीच्या दोन दिवस आधी मी कार्यालयात मोठा नकाशा पाहिला होता. वखारीपासून तळ्यापर्यंत अखंड रेघ, शेजारी गेल्याच वर्षीच्या पाहणीची खूण. दरड कुठेच नाही. कारकुनाने विचारलंसुद्धा, ही तुमच्या यादीत कशी नाही? तू खोटं बोललीस हे मला त्याच मिनिटाला समजलं. तेव्हा तुला एक तार केली असती तर तू आणि आणखी एखादा साक्षीदार, काम झालं असतं. मी त्याला म्हटलं, आमच्या यादीत चौदाच आहेत. जिन्यावरून उतरताना मनात आलं, मला नाही ना, मग तुलाही नको. सभागृहात तुझ्या पायाबद्दल बोलले तेव्हा हे माझ्या पोटात होतं. लोक रडत होते आणि हे माझ्या पोटात होतं.

तेव्हा वाट तू एकटीनेच बंद केलेली नाहीस.

खोटी साक्ष मी देणार नाही. साधुत्वाचा आव आणत नाही. पकडलं गेलं तर उरलेल्या अकरा वाटा जातील, हे एक कारण आहे. दुसरं हे की मला खोटी फेरी नको. फेरअर्जाचा फॉर्म मी चार वेळा वाचला. ‘आदेश लागू होण्यापूर्वी वाहनाने केलेला वापर’ एवढंच त्यात आहे. किती पूर्वी, ते कुठेही लिहिलेलं नाही. एक जूनला अजून सतरा दिवस आहेत.

पुढच्या रविवारी, चोवीसला, सकाळच्या बसने येते. मला मागे बसव.

धाकटी


१९ मे

धाकटे,

तुझं पत्र वाचून मी ते टेबलावर आपटलं. ह्यांच्या हातातली बेअरिंग खाली पडून गडगडत गेली. कारकुनाने विचारलं आणि तू ‘चौदाच’ म्हणालीस! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग आठवलं की पंधरावी मीच खाल्ली होती.

तुझं पत्र आल्यावर माझ्याही डोक्यात आलं, की मागे कोणालाही बसवून साक्षीदार करता येईल. गॅरेजमध्ये दिवसाला दहा जण येतात. काल एक भला माणूस आलासुद्धा होता, पोस्टमन, तोंडातून शब्द न काढणारा. त्याला नेलं असतं तर वाट राहिली असती आणि तळंही माझंच राहिलं असतं. विचारायला तोंड उघडलं होतं. मग त्याला नट दिले आणि पाठवून दिलं.

हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाहीये, हे तुला माहीत असावं. तू सोडून जगातलं कोणीही मला चाललं असतं. म्हणूनच तू ये.

वही आणू नकोस. बूट जाड घाल. दुसऱ्या ओढ्याला मला घट्ट धर, बाबांची गाडी जुनी आहे आणि तू काही आता सहा वर्षांची नाहीस, वजन आहे तुला. वर गेल्यावर ‘किती सुंदर’ म्हणालीस तर तिथेच सोडून येईन, तुला पाय आहेत.

ताई


२५ मे

जमीन कार्यालयाकडे फेरअर्जासोबत जोडलेली साक्ष

अर्जदाराशी नाते: सख्खी धाकटी बहीण. संघाची चिटणीसही आहे, ते लपवत नाही.

वाट: वखारीमागून वरच्या तळ्यापर्यंत. मूळ यादीत नाही. ती राहून गेली यात कार्यालयाची चूक नाही. दोष अर्जदार आणि साक्षीदार या दोघींचा आहे.

वापराची तारीख: काल, चोवीस मे, रविवार.

वाहन: मोटरसायकल, मागे दोन जादा चाकं जोडलेली. सायलेन्सर शाबूत. चालवत होती अर्जदार. मी मागे बसले होते.

वापराचा हेतू: फिरायला गेलो. कामासाठी नाही, औषधोपचारासाठी नाही. अर्जदाराला चालता येत नाही हे खरं आहे, पण तिने मला बजावलंय की या वेळी तिच्या पायावर भीक मागायची नाही. ती तिथे हौसेने जाते, असं लिही म्हणाली. तसं लिहिते.

वाटेची स्थिती: चांगली. दरड नाही. दुसऱ्या ओढ्यात दगडांवर शेवाळ आहे, तिथे गाडी घसरून थांबली आणि मी गुडघाभर पाण्यात उतरून ढकलली. अर्जदार मला मोठ्याने ओरडत होती. चढावर पाच ठिकाणी पाणी वाहून चर पडलेत, ते संघ स्वतःच्या श्रमाने बुजवील.

घरटी: काठाला दिसली नाहीत. प्राध्यापकांनी येऊन मोजावीत. अर्जदार त्यांना न्यायला तयार आहे, हे मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलंय.

तळ्यावर किती वेळ थांबलात: सुमारे दोन तास. काही बोलणं झालं नाही.

या वाटेचा वाहनाने वापर एकूण किती वेळा केला: एकदा.

आणखी काही सांगायचे असल्यास: मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि ही वाट मी वाढले त्या घरापासून कधीच तासाभराहून लांब नव्हती. एका वेळचा वापर साक्षीला पुरेसा धरायचा की नाही, ते कार्यालयाने ठरवावं. मला तो पुरला नाही.